चहूकडे ऊस असताना कोल्हारला बाग कशाला?

१/
“चहूकडे ऊस उभा आहे, कोल्हारला बाग कशाला हवी?” हे वाक्य माझ्या चुलत्यांचे. आप्पांचे वय पंच्याहत्तरीपुढचे, सारे आयुष्य प्रवरेच्या पाण्यावर शेती करण्यात गेलेले. हिरव्या रंगाविषयी त्यांना मी काही शिकवावे, अशी माझी पात्रता नाही. तरीही आजचा धागा त्यांच्या या एका वाक्याविरुद्ध लिहीत आहे. कारण ते एकट्या आप्पांचे राहिलेले नाही. ग्रामसभेत, लग्नाच्या पंगतीत, शिकल्यासवरल्या मंडळींच्या तोंडीही मी ते ऐकले आहे, आणि दर वेळी ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आहेत.

२/
ज्यांना कोल्हार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नगर–मनमाड महामार्ग जिथे प्रवरा ओलांडतो, तिथे राहाता तालुक्यातले हे आमचे कोल्हार भगवतीपूर. भगवतीमातेचे देवस्थान, पौषातली यात्रा, घोटीकडे फुटणारा राज्यमार्ग, बेलापूरकडे जाणारा रस्ता, आणि या साऱ्यांच्या सांध्यावर वाढत गेलेली बाजारपेठ. कागदावर हे ग्रामपंचायतीचे गाव आहे. डोळ्यांना मात्र ते शहर दिसते: दुकानांच्या ओळी, एन. ए. प्लॉटचे फलक, दुमजली घरे, वाहनांची रीघ. शहराचे सगळे त्रास आले. शहराची एक सोय मात्र आली नाही. संध्याकाळी पैसे न देता, कोणाची परवानगी न घेता, झाडाखाली बसता येईल अशी सर्वांची जागा.

३/
माझे म्हणणे आधीच स्पष्ट मांडतो, म्हणजे खंडन करणाऱ्यांना सोपे जाईल. सार्वजनिक हिरवी जागा ही शोभेची वस्तू नाही. ती रस्ता, नळ आणि दवाखाना यांच्या पंक्तीत बसणारी सोय आहे. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात तर बाग आधी आली आणि शहर मागाहून. आणि ऊस, तो कितीही हिरवागार असो, तिची जागा घेऊ शकत नाही.

४/
पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘उद्यान’ हे इंग्रजांचे खूळ. आपल्याकडे देवराया होत्या, वने होती, पण नगरातील बाग ही साहेबाची देणगी. हा आक्षेप घेणाऱ्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे. त्यात ‘पुरोपवन’ असा स्वच्छ शब्द आहे. पुर म्हणजे नगर, त्यातील उपवन. तिथल्या फुलाफळांच्या आणि सावलीच्या झाडाचा कोवळा कोंब तोडला तर ६ पण दंड, लहान फांदी तोडली तर १२ पण, मोठी फांदी तोडली तर २४ पण. खोड तोडणे किंवा झाड उपटणे यासाठी त्याहून कडक शिक्षा. आणि तेच झाड सीमेवरचे किंवा देवस्थानचे असेल तर दंड दुप्पट.

५/
या यादीतला एक बारकावा माझ्या फार आवडीचा आहे. फळे देणाऱ्या झाडाच्या पंगतीत शास्त्रकाराने ‘सावली देणारे’ झाड बसवले आहे. सावलीला बाजारात भाव नाही, ती विकता येत नाही, तिच्यावर जकात बसत नाही. तरी तिचे नुकसान हा दंडनीय अपराध! राज्याच्या तिजोरीची कवडी-कवडी मोजणाऱ्या ग्रंथात हे लिहिलेले आहे, हे लक्षात घ्यावे. सावलीला कवी भुलतात असे आपण म्हणतो. इथे तर हिशेबनीस भुललेला दिसतो.

६/
अशोकाचे उदाहरण शाळेत सर्वांनी वाचलेले असते, म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही. सातव्या स्तंभलेखात तो सांगतो की, मार्गांवर वड लावले ते पशूंना आणि माणसांना सावली मिळावी म्हणून. आमराया लावल्या, विहिरी खोदल्या. पशू आणि माणसे, दोघेही एका वाक्यात. पाठ्यपुस्तकात आपण हे पाठ करतो आणि त्याच आठवड्यात रस्तारुंदीत गेलेल्या वडाच्या बुंध्यावर मोटारसायकल टेकवून चहा पितो.

७/
आता घरच्या इतिहासाकडे. कोल्हारहून महामार्गाने दक्षिणेला निघालात की राहुरीमार्गे नगरला पोहोचता, आज कागदोपत्री अहिल्यानगर. या शहराच्या जन्माची कथा बागेपासून सुरू होते, आणि हे अलंकारिक विधान नव्हे. २८ मे १४९० रोजी मलिक अहमदाने बहमनी सेनापती जहांगीरखानाचा पराभव केला. त्या लढाईला इतिहासात नावच ‘बागेची लढाई’ असे मिळाले. कारण विजयाच्या जागी अहमदाने वाडा बांधला, भोवती बाग लावली आणि तिला ‘बाग निजाम’ म्हटले. त्या बागेच्या आधाराने, सीना नदीकाठी, १४९४ मध्ये नगर वसवण्यास आरंभ झाला. आज जिथे भुईकोट किल्ला आहे तीच ही बागेची जागा. दगडी तट नंतरचा, हुसेन निजामशहाच्या काळातला. क्रम ध्यानात ठेवा: आधी बाग, मग शहर, शेवटी तट.

८/
पुढे निजामशाहीने बागांची रांगच लावली. उत्तरेला सावेडीच्या बाजूस हश्त बिहिश्त, म्हणजे ‘आठ स्वर्ग’. तलावाच्या मधोमध अष्टकोनी महाल. आग्नेयेला फराहबाग, मुर्तझा निजामशहाच्या काळात १५८३ मध्ये पूर्ण झालेली. तोही महाल पाण्यात उभा. सीनेकाठी अहमद निजामशहाची कबर आहे तिचे नावही बागरोजा. (फराहबाग पाहून शाहजहानला ताजमहाल सुचला, ही गोष्ट नगरमध्ये तुम्हाला दर तिसरा माणूस सांगेल. लोककथा म्हणून ऐकावी, गोड आहे. पण तिच्यावर धागा लिहू नये.)

९/
इतिहासप्रेमी मंडळी या महालांच्या कमानींची छायाचित्रे काढतात. माझी विनंती आहे की, एकदा पाण्याकडे पाहावे. नगरचा प्रदेश पर्जन्यछायेतला. इथे बाग टिकवायची तर पाणी दूरवरून आणावे लागे, आणि ते आणले गेले. कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा आसपासच्या गावांतून जमिनीखालून खापरी नळ, मधूनमधून हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी उच्छ्वास, आणि शहरात हौद. याच बांधणीची पुढची पायरी मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीत, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत, नहर बांधून गाठली. या नळांचे पाणी बागांत खेळे, हौदांत पडे आणि तिथून वस्तीला मिळे. बाग आणि पाणीपुरवठा ही तेव्हा दोन वेगळी खाती नव्हती. आज बाग ‘सुशोभीकरणा’च्या शीर्षाखाली येते आणि पैसे संपले की पहिली कात्री तिच्यावर चालते. हा सगळा घोटाळा ‘सुशोभीकरण’ या शब्दाने केला आहे.

१०/
इथे माझ्या बाजूची एक कमकुवत कडी मीच दाखवतो. दुसऱ्या कोणी दाखवण्यापेक्षा बरे. या बागा सर्वांच्या नव्हत्या. त्यांना भिंती होत्या, दारावर पहारा होता. नळ खणणारा मजूर कमानीखाली बसून गार वाऱ्याचा आनंद घेत असेल, अशा भ्रमात मी नाही. म्हणून ‘आपल्याकडे पूर्वी सारे होते’ असा जयघोष करणाऱ्यांना मी साथ देणार नाही. निजामशाहीकडून घ्यायचे ते कौशल्य. मालकीचा प्रश्न आपल्याला वेगळ्या ठिकाणी सोडवावा लागतो.

११/
मग गावाची स्वतःची हिरवी जागा कोणती? पार, आमराई, घाट, गायरान. वडा-पिंपळाभोवती दगडी ओटा बांधला की पार झाला. न्यायनिवाडा तिथे, वार्ता तिथे, दुपारची झोप तिथे. स्मरणरंजनात इथेच थांबण्याचा मोह होतो. पण त्या पारावर कोण बसू शकत होते आणि कोणाला खाली मातीत उभे राहावे लागत होते, हे न सांगता पाराचे गोडवे गाणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे आहे. बायका पारावर बसत नसत. गावकुसाबाहेरच्या माणसाला तर ती सावली निषिद्धच होती.

१२/
‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्याला फुकट मिळालेला नाही, तो याच संदर्भात समजून घ्यावा लागतो. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला: सरकारी खर्चाने बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. तळे एका जातीचे नाही, सर्वांचे आहे, हे ओंजळभर पाणी पिऊन सिद्ध करावे लागले आणि त्याबद्दल मार खावा लागला. आज एखाद्या सार्वजनिक बागेच्या बाकावर कोणीही कोणाच्याही शेजारी बसू शकतो, यामागे हा लढा आहे. जुना पार परत आणा, असे माझे म्हणणे नाहीच. मला हवी आहे ती चवदार तळ्यानंतरची जागा.

१३/
आता ऊस. इथे आप्पांचा मुद्दा प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा हा पट्टा हिरवा झाला. शेजारच्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला. देशातल्या सहकाराच्या इतिहासातले ते पान आहे. ज्यांनी कोरडी माती पाहिली त्यांना उसाचा हिरवा रंग हाच स्वर्ग वाटणे स्वाभाविक आहे. आप्पांच्या वडिलांनी दुष्काळ पाहिला होता. त्यांच्या वाक्यात गर्व आहे, आणि तो कमावलेला आहे.

१४/
परंतु उसाच्या शेतात कोणी बसलेले पाहिले आहे काय? ऊस सावली देत नाही, तो वाट अडवतो. बांधाला मालक असतो आणि मालकाला कुत्रा असतो. पाचट अंग कापते. शिवाय सूर्य कलला की आमच्या भागात उसाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते: बिबट्या. अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी या सगळ्या पट्ट्यात बिबट्याने उसालाच रान मानले आहे. तिथेच तो पिले वाढवतो. संध्याकाळी सहानंतर पोरांना उसाकडे जाऊ न देणारे आजोबाच ‘चहूकडे हिरवे आहे’ म्हणतात, तेव्हा मला कळेनासे होते की त्यांना नेमके काय म्हणायचे आहे.

१५/
आणि या हिरवाईत सर्वांत जवळून वावरतो तो ऊसतोड मजूर. बीडकडून, पाथर्डीकडून टोळ्या येतात, कोप्या पडतात, पहाटे तीनला बाया कोयता घेऊन निघतात. त्यांची पोरे दिवसभर फडाच्या कडेला, ट्रॅक्टरच्या चाकाजवळ खेळतात. उसाचा हिरवा रंग म्हणजे बाग असेल, तर महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांइतके बागेत राहणारे सुदैवी कोणीच नाही! हा तर्क इतका हास्यास्पद ठरतो, त्यातच ‘हिरवे’ आणि ‘सर्वांसाठी हिरवे’ यांतले अंतर दिसते. राहात्याचा पेरू, प्रवराकाठचा ऊस, ही उत्पन्नाची हिरवाई आहे. तिचा मान आहे. पण तिच्या बांधावर आपण पाहुणे आहोत, तेही बोलावले तर.

१६/
जगाने हा फरक फार उशिरा आणि फार किंमत मोजून ओळखला. इंग्लंडमध्ये कारखान्यांची शहरे धुराने आणि रोगाने भरली, तेव्हा लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड गावात १८४७ मध्ये लोकांच्या पैशातून लोकांसाठी उद्यान उघडले गेले; न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची कल्पना करणाऱ्या ओल्मस्टेडने ते स्वतः जाऊन पाहिले होते. मुंबईत १८६२ मध्ये भायखळ्याची राणीची बाग सुरू झाली, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. गिरणगावातल्या एका खोलीत दहा माणसे राहणाऱ्या कुटुंबाला रविवारी तिथे जाता येई. ज्यांच्या आजीने त्या बागेची आठवण सांगितली आहे, त्यांना मी अधिक काय सांगू?

१७/
मग १८९६ चा प्लेग आला. हवा-उजेड नसलेल्या चाळींत माणसे पटापट गेली, शहर ओस पडले. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यासाची स्थापना झाली आणि दादर–माटुंग्याच्या नव्या वसाहती आखताना मोकळ्या जागा आधी आखल्या गेल्या. फाइव्ह गार्डन्स हा त्याच आखणीचा भाग. म्हणजे मुंबईतील आज सर्वांत हेवा वाटणारा हिरवा तुकडा कोणा रसिकाच्या हौसेतून आलेला नाही. तो साथीच्या धसक्यातून आला. आपणही २०२० मध्ये घराच्या गच्चीवर येरझाऱ्या घातल्या आणि आकाशाचा तुकडा शोधला. विसरायला मात्र आपल्याला वर्षभर पुरले.

१८/
याच न्यासाने आणि त्याच्यासारख्या संस्थांनी गरिबांची घरे पाडून रुंद रस्तेही काढले, हे सांगितलेच पाहिजे. यावर ज्याने नेमके बोट ठेवले तो पॅट्रिक गेडिस. हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ १९१४ नंतर भारतभर हिंडला, अनेक शहरांचे अहवाल लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याचा आग्रह असा: नकाशावर पट्टी ठेवून वस्ती कापू नका. गल्लीबोळ पायी फिरा, पडकी-ओसाड घरे हेरा, तेवढीच काढा आणि त्या जागी झाड असलेला छोटा चौक करा. लोक आपले आपण तो जपतील. कोट्यवधींचा प्रकल्प नको, चार घरांएवढी जागा पुरे. शंभर वर्षांपूर्वीचा हा सल्ला कोल्हारसारख्या दाटीच्या बाजारगावासाठीच लिहिला आहे, असे वाटावे इतका लागू पडतो.

१९/
‘झाड पाहून कोणाचा आजार बरा होतो काय?’ असे विचारणाऱ्यांसाठी एक अभ्यास. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण त्याने तपासले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणाऱ्यांना लवकर घरी सोडले गेले आणि तीव्र वेदनाशामके कमी लागली. नुसती खिडकीतून! झाडाखाली बसण्याची गोष्ट अजून दूरच. शरीराचा दुसरा हिशेब तर आपल्या आज्यांनाही ठाऊक होता: पान पाणी सोडते, हवा गार होते. म्हणूनच चैत्रातल्या दुपारी लिंबाखालची बाज आणि पत्र्याखालची खाट यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आता लिंब गेला, पत्रा राहिला आणि विजेचे बिल वाढले.

२०/
यात सर्वाधिक कोणाचे अडते, हे आमच्या गावाच्या संध्याकाळी दिसते. पुरुषांना चहाची टपरी आहे, पानाचे दुकान आहे, पतसंस्थेची पायरी आहे. म्हाताऱ्या बायकांना देवळाचे आवार आहे, तेही दर्शनाचे निमित्त असेल तर. साखर वाढली म्हणून डॉक्टरने ‘रोज चाला’ सांगितलेल्या बाया पहाटे महामार्गाच्या कडेने चालतात, ट्रकच्या दिव्यांत. किशोरवयीन मुलींना काहीच नाही. त्यांच्यासाठी घर आणि क्लास यांच्यामधला रस्ता एवढीच सार्वजनिक जागा. चुलत्यांच्या वाक्यातल्या ‘चहूकडे’मध्ये या सगळ्या कुठे बसतात?

२१/
थोडे आपल्याच मंडळींविषयी. दर पावसाळ्यात ‘शिवरायांचे वृक्षसंवर्धनाचे आज्ञापत्र’ अशा मथळ्याची चित्रे आपण एकमेकांना पाठवतो. ते आज्ञापत्र रामचंद्रपंत अमात्यांचे, १७१५ च्या सुमाराचे, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळातले. त्यातील तो प्रसिद्ध उतारा आरमाराच्या लाकडाविषयी आहे: आंबे, फणस ही झाडे उपयोगी असली तरी त्यांना हात लावू नये, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे. शिवकालीन धोरणाचे त्यात प्रतिबिंब आहे, हे मान्यच. पण त्याचा गाभा निसर्गप्रेमाहून मोठा आहे. राज्याच्या निकडीपुढेही झाडामागच्या माणसाचा हक्क टिकतो, हा तो गाभा. चित्र पुढे पाठवणारे हा हक्क कधी मागत नाहीत.

२२/
सरकारचेही तसेच. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट होते. रोपांचे आकडे मोजणे सोपे असते. त्यांतली किती रोपे पाच उन्हाळे पाहून सावली देऊ लागली आणि त्या सावलीत कोणाला बसता येते, हे मोजायला चिकाटी लागते. खड्ड्यात रोप, रोपाशेजारी पाहुणे, पाहुण्यांच्या हातात झारी. पुढच्या वर्षी तोच खड्डा, नवे रोप, बहुधा तेच पाहुणे.

२३/
आता कायद्याची बाजू. कंटाळवाणी वाटेल, पण खरी लढाई इथेच आहे. महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. त्याखाली वृक्ष प्राधिकरण असते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरचे झाड ‘वारसा वृक्ष’ ठरते आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन येते. उत्तम! पण हा कायदा महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत यांच्या हद्दीपुरता. ग्रामपंचायतीच्या हद्दीत तो येत नाही. तिथे १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा, ज्याचा भर ठरावीक जातींच्या झाडांवर. म्हणजे एकाच वयाच्या दोन वडांपैकी शिर्डीच्या हद्दीतला वारसा, आणि कोल्हारच्या पुलाजवळचा नुसता अडथळा. वाहने शहराइतकी, धूळ शहराइतकी, जमिनीचा भाव शहराइतका. संरक्षण मात्र खेड्याचे.

२४/
तरी हातात काहीच नाही असे नव्हे. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. आपल्या बोलीत ‘ओपन स्पेस’. त्यापूर्वीच्या ले-आउटांच्या मंजूर नकाशांतही अशी जागा दाखवलेली सापडते. नकाशावर ती हिरव्या रंगात असते. जागेवर जाऊन पाहा. आमच्या तालुक्यातल्या एका ले-आउटमध्ये मी गेलो, तर ओपन स्पेसवर विटांचा ढीग, दोन बंद टेम्पो आणि कोणीतरी हौसेने घातलेले तारेचे कुंपण. रहिवाशांना विचारले तर निम्म्यांना ठाऊकच नव्हते की प्लॉटच्या किमतीत त्या जागेचे पैसे त्यांनी मोजलेले आहेत.

२५/
“बाग केली तर टवाळखोर बसतील, दारू पितील, मग राखायची कोणी?” हा शेवटचा आणि सर्वांत प्रभावी आक्षेप, कारण तो करणाऱ्याला आपण व्यवहारी वाटतो. याच न्यायाने एस. टी. स्थानक, शाळेचे मैदान आणि नदीचा घाट बंद करावा लागेल. ओसाड जागेत टवाळखोर बसतात, कारण तिथे दुसरे कोणी बसत नाही. दिवा, पाणी, बाक आणि संध्याकाळी येणाऱ्या वीस बाया एवढा पहारा पुरतो. खर्चाचे म्हणाल, तर यात्रेच्या कमानीवर, चौकातल्या फलकांवर आणि दरवर्षीच्या रोपांवर जो पैसा जातो, त्याचा जमाखर्च मांडून मग बोलावे.

२६/
म्हणून मागणी साधी आहे. कोल्हारमध्ये नवे उद्यान विकत घेऊन उभारा, असे मी म्हणत नाही. आहे त्याची यादी करा: प्रत्येक मंजूर ले-आउटची ओपन स्पेस, गायरानाचे उरलेले तुकडे, प्रवरेचा घाट आणि त्यालगतची जागा, प्रत्येक जुना वड-पिंपळ. यादी ग्रामसभेपुढे वाचून दाखवा आणि ठराव घ्या. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५३ ने सार्वजनिक रस्ते व मोकळ्या जागांवरील अतिक्रमण काढण्याचा अधिकार पंचायतीला दिलेला आहे, तो वापरा. हे काम इतिहासाच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहे. जुने नकाशे वाचायचे, नावे जुळवायची, माणसांना विचारायचे. किल्ल्यावर जाऊन तटाची लांबी मोजतो तसेच. आपल्याच गावच्या आमराईचे क्षेत्र कधी मोजले आहे का?

२७/
प्रवरेच्याच काठी, आमच्या खालच्या अंगाला नेवासे आहे. शके १२१२ मध्ये तिथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या एका ओवीत नगरे रचणे, जलाशय निर्मिणे आणि महावने लावणे अशी तीन कामे लागोपाठ येतात. वनखात्याच्या भिंतींवर ती तुम्ही वाचलीही असेल. तिच्या अर्थाची चर्चा जाणकारांनी करावी. माझे लक्ष तिन्ही क्रियापदांच्या शेजाराकडे जाते. याच नदीच्या काठी सातशे वर्षांपूर्वी नगर म्हणताच पाणी आणि झाडे आठवत होती.

२८/
आणि बाग निजामच्या त्या जागेविषयी एक गोष्ट राहिली. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत ठेवले गेले. पंडित नेहरू तिथे १९४५ पर्यंत होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिले गेले. त्या पुस्तकाच्या आरंभीच ते सांगतात की, कैदेत त्यांनी बागकाम सुरू केले. माती वाईट होती, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राडारोड्याची. उन्हात रोज तासन्तास खणून त्यांनी फुलांचे वाफे केले. साडेचारशे वर्षांपूर्वी जिथे बाग होती, तिच्याच ढिगाऱ्यात एक कैदी पुन्हा वाफे करत होता. त्याला तिथून बाहेर पडण्याची तारीख माहीत नव्हती.

२९/
हा मजकूर लिहून झाल्यावर गेल्या रविवारी मी गावाच्या जुन्या नकाशाची प्रत आप्पांपुढे पसरली. वाद घालायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी चष्मा लावला, नदी शोधली, देऊळ शोधले, आणि मग त्यांचे बोट एका तुकड्यावर थांबले. “इथं आमराई व्हती. शाळा सुटली की आम्ही इथंच. दोन झाडं तर आमच्या आजीनं पाणी घालून जगवलेली.” बराच वेळ ते बोट तिथून हलले नाही. मग मला म्हणाले, “हा गट आता कुणाच्या नावावर हाये रे? उद्या तलाठ्याकडं जाऊन येऊ.”